सगळीकडे सारखंच गरम

वहिनीने चहाचा ग्लास फडक्यात धरून आणला, मिस्त्रीच्या हातात दिला आणि फडकं काढून घेतलं. मिस्त्रीचं सगळं लक्ष बॉनेटखाली. स्टीलचा ग्लास, काठोकाठ चहा, आत्ताच गॅसवरून उतरवलेला, वर अजून बुडबुडे फुटत होते. पाण्याची बाटली धरावी तसा त्याने तो मुठीत धरला आणि इंजिनाकडे बघत उभा राहिला. वहिनी जागची हलेना. आता ही गाडीचं विचारणार, कधी होणार, होणार का, म्हणून तो आधीच वैतागला. पण वहिनी म्हणाली, "भावजी, चटका नाही बसत तुम्हाला?"

"कशाचा?"

तिने नुसतं ग्लासाकडे बघितलं. मग मिस्त्रीनेही बघितलं. ग्लासातून वाफ निघत होती आणि त्याची पाच बोटं ग्लासाभोवती अशी निवांत बसली होती, जशी काही दुसऱ्याचीच. "बसतो की!" म्हणत त्याने ग्लास घाईघाईने मडगार्डवर ठेवला आणि बोटं कानाच्या पाळीला लावली, चटका बसल्यावर लोक लावतात तशी. हे कानाला लावणं त्याने आठवून आठवून केलं. "मेकॅनिकचा हात आहे वहिनी. गेंड्याची कातडी." वहिनी हसली नाही. फडक्याची घडी घालत आत गेली. मिस्त्रीला उगाचच राग आला. चहा द्यायचा तर द्यावा आणि जावं. चौकशा कसल्या?

तशी डोक्याला ताप व्हायला गाडी एकटी पुरेशी होती. जुनी, बोजड, नाकाने रुंद अशी ती गाडी, तिला घरात सगळे 'बाईसाहेब' म्हणायचे, कारण तिला कुणी घाई केलेली चालायची नाही. गाडी दादाची. दादा म्हणजे मिस्त्रीचा थोरला भाऊ, आणि या शेडचा मूळ मालक. शेड घराला लागूनच, पत्र्याची. दादा आता शेडच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून असायचा, एक पाय स्टुलावर सरळ ठेवून. तो पाय दुमडत नव्हता. साखरेने आधी त्याचा पाय खाल्ला, मग डोळे, मग मूत्रपिंडं, आणि आता आठवड्यातून दोनदा त्याला दवाखान्यात नेऊन मशिनवर रक्त धुऊन आणावं लागे. दवाखाना चढावर. बाईसाहेबांची पुढची सीट मिस्त्रीने स्वतः कापून मागे सरकवली होती, खाली बसवली होती, म्हणून पाय सरळ ठेवून दादा तिच्यात मावायचा. भाड्याच्या गाड्या करून बघितल्या. एकीत पाय मावेना, दुसरीच्या ड्रायव्हरने पाय मावेपर्यंत वाट बघितली नाही. तेव्हा बाईसाहेबच. वहिनी चालवणार, दादा शेजारी बसून तिला गिअर कधी बदलायचा ते सांगणार, आणि ती त्याला गप्प बसा म्हणणार. असं चाललं होतं बरं. मग परवा चढाच्या मध्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल्यात, म्हणजे लाल पट्ट्यात गेला, बॉनेटमधून वाफ, गाडी बंद. निवेपर्यंत वाट बघून, पाणी घालून वर पोचले तर यांचं मशिन दुसऱ्याला दिलेलं. दादाला तसाच परत आणला. त्या रात्री दादा उशांना टेकून बसूनच राहिला, आडवं झालं की श्वास अडकायचा. उद्या सकाळी पुन्हा पाळी होती, आणि या खेपेला चुकवून चालणार नाही हे दवाखान्यातल्या बाईने वहिनीला दोनदा बजावलं होतं.

मिस्त्रीने काय करायचं बाकी ठेवलं होतं? फॅनबेल्ट बदलला. रेडिएटरचं टोपण बदललं. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकून बघितला, उघडत होता बिचारा, तरी नवीन टाकला. वॉटर पंप नवीन टाकला, आणि तो टाकताना जुना हातात धरून फिरवला तर जुनाही ठणठणीत होता, म्हणजे झाली की नाही गंमत. पाणी कुठून गळत नव्हतं. ऑइलची पट्टी ओढली, ऑइल स्वच्छ, पाणी मिसळल्याचं नाव नाही. रेडिएटरच्या तोंडात बघितलं, बुडबुडे नाहीत. म्हणजे हेड गॅस्केट गेलं म्हणावं तर त्याची एक खूण सापडत नव्हती, आणि तरी काही राहिलंच नाही म्हणून आता इंजिनाचं वरचं झाकण, ते हेडच उघडायचं त्याने ठरवलं होतं. आणि इथंच घोडं अडलं होतं. इंजिन जुनं. हेडचे बोल्ट गंजून जागेवर मुरलेले. एखादा मोडला तर बाईसाहेब कायमच्या झोपणार, आणि मोडला नाही तरी उद्या सकाळपर्यंत हेड तासून, बसवून, आवळून गाडी चढावर जाईल हे कुठल्या शहाण्याने सांगितलंय? सकाळपासून तो बॉक्स पाना हातात घ्यायचा, खाली ठेवायचा. घ्यायचा, ठेवायचा.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय तुझं," दादा खुर्चीतून म्हणाला.

"तू झोप बघू."

"दिवसभर झोपूनच असतो. बारक्या, पंप कशाला बदललास रे? पंप चांगला होता. मी आवाज ऐकला होता त्याचा."

"ऐकला होतास तर बोलायचं होतंस आधी."

"मला वाटलं तुला ऐकू येतंय."

मिस्त्रीचे केस पिकले, त्याच्या मुलीला मुलं झाली, पण दादाच्या लेखी तो बारक्याच. गिऱ्हाइकांसमोरही बारक्या. त्याने पाना बॅटरीवर आपटला नाही एवढंच, बाकी सगळं मनातल्या मनात आपटून झालं. पुन्हा एकदा गाडी चालू केली. काटा हळूहळू वर चढला, मधल्या रेघेवर थबकला, जरा विचार केल्यासारखा, आणि मग निघाला तो थेट लाल्याकडे. बंद केली. पुढचं ग्रिल त्याने कधीच काढून ठेवलं होतं. वाकला, आणि रेडिएटरच्या जाळीवर तळहात ठेवून वरून खाली फिरवला, मग बाजूला सरकून पुन्हा वरून खाली. हे त्या दोघांचं जुनं तंत्र. दवाखान्यातला डॉक्टर पोटावर हात फिरवतो तसा रेडिएटरवर हात फिरवायचा. आत पाणी फिरतंय तिथं गरम लागतं. आतली नळी चोंदली असेल तिथं गार. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं. मिस्त्रीचा हात तर गावभर प्रसिद्ध. लोक म्हणायचे, याने बॉनेटवर हात ठेवला की गाडी आपली दुखणी बोलायला लागते. तर त्या हाताने या आठवड्यात किती वेळा तरी सांगितलं होतं की सगळीकडे सारखंच गरम आहे, आणि आताही तेच सांगितलं. सारखंच. म्हणून तर रेडिएटर खोलायचा, नळी लावून पाणी सोडून बघायचा त्याने विचारच केला नव्हता. हाताने सांगितल्यावर पुन्हा खोलून बघायचं म्हणजे आपल्याच माणसाच्या खिशात हात घालून बघण्यासारखं.

"जाळीला हात लावलास?" दादा.

"लावला."

"कशी आहे?"

"सगळीकडे सारखं."

डोळे मिटूनच दादा म्हणाला, "या वयाच्या गाडीची जाळी सगळीकडे सारखी असते होय रे?"

"तू येऊन बघ मग! ये की! ऊठ!" असं तोंडातून निघून गेल्यावर मिस्त्रीला स्वतःचीच लाज वाटली. ज्या माणसाला खुर्चीतून उठवायला दोघं लागतात त्याला ऊठ म्हणायचं. पण दादा मनावर घेणाऱ्यातला नव्हता. "आलो असतो," तो म्हणाला, "पण बाईसाहेबांना परपुरुषाचा हात चालत नाही," आणि स्वतःच्याच विनोदावर खोकत खोकत हसला.

मिस्त्री पुन्हा बॉनेटखाली शिरला. तिथं बरं होतं. तिथं ऑइलचा, जळक्या रबराचा, तापलेल्या लोखंडाचा वास होता, आणि तो त्याला अजून येत होता, एवढं तरी होतं. 'एवढं तरी' असं आपण का म्हणालो, हे त्याला कळलं नाही, आणि कळू नये म्हणून त्याने टॉर्च उगाचच इकडून तिकडे फिरवला. मागच्या आठवड्यात तो घरी पोचला तर बायको दारातच म्हणाली, "एक चप्पल कुणाला दान केलीत?" बघतो तर एका पायात चप्पल, एक पाय मोकळा. वाटेत कुठं तरी निसटली होती. खडीचा रस्ता आहे तो. तळव्याला खडी रुतून रक्त आलं होतं आणि हा गाणं गुणगुणत आला होता. दोघंही हसले. बायको गरम पाणी आणायला गेली, त्याने पाणी पायावर घेतलं आणि म्हणाला, छान कोमट आहे, आणि बायकोने पाण्यात बोट घालून बघितलं आणि भांडं उचलून परत नेलं. त्यावर दोघंही हसले नाहीत. साखरेवरच्या त्याच्या गोळ्या डब्यात होत्या. डबा कपाटावर होता. आठवण झाली की घ्यायचा, आणि आठवण होऊ नये अशा बेताने डबा वर ठेवलेला. अरे, पण पाय म्हणजे पाय. पायाने कुणी गाडी दुरुस्त करत नाही.

त्याने पान्याचा सॉकेट हेडच्या पहिल्या बोल्टवर बसवला. आता मागे फिरायचं नाही. आणि आधी दादाचा रागच आला त्याला, जुना, वर्षानुवर्षं मुरलेला, त्या बोल्टसारखाच जागेवर बसलेला. हा माणूस म्हणे मला शिकवणार. हाच ना तो, ज्याने भर धंद्यात एका दुपारी हात धुतले, अंगातला डगला काढून खिळ्याला टांगला आणि म्हणाला, 'कंटाळा आला'? कंटाळा! शेडमध्ये गाड्या उभ्या, दारात माणसं उभी, आणि साहेबांना कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी जाऊन एका नाट्यगृहाच्या वाहनतळावर स्टूल टाकून राखणीला बसला. जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या आणि आता लोकांच्या चांगल्या गाड्या बघत बसणार. सगळे म्हणाले, आळशी झाला. मिस्त्री तर आणखी काय काय म्हणाला. एकट्याच्या गळ्यात शेड टाकून गेला म्हणून वर्षभर त्याच्याशी धड बोलला नाही. दादा ऐकून घ्यायचा. हसायचा. "कंटाळा आला रे बारक्या, खरंच आला," एवढंच. आणि त्याच्या आदल्या वर्षी तर किती प्रेमाने शिकवत होता! तेव्हा मिस्त्री काही पोर नव्हता, लग्न झालेला, मिशा ठेवलेला बाप्या होता, आणि त्याआधी दादाने त्याला नुसतं पाने पुसायला ठेवलं होतं. पण त्या शेवटच्या वर्षी दादा एकदम बदलला. प्रत्येक गाडीला हाक. "बारक्या, इकडे ये. हात लाव. सांग." वरचा पाइप कसा आहे? खालचा? जाळी इथं कशी आहे, इथं कशी? "नीट सांग, उगाच गरम गरम करू नकोस. किती गरम? हात ठेववतो का? इथं जास्त की तिथं?" आणि हा सांगायचा, आणि दादा डोळे मिटून ऐकायचा, मान हलवायचा आणि मग म्हणायचा, मग पंप बघ. मग जाळी उतरव. त्याच वर्षात मिस्त्रीच्या हाताला हे सगळं आलं. लोकांना तो अभिमानाने सांगायचा, दादाने हात धरून शिकवलं. एकदा त्याने स्वतःच विचारलं होतं, "दादा, तू एकदा लावून दाखव की," तर दादा म्हणाला होता, "मी लावला तर तू कसा शिकशील?" आणि एकदा...

मिस्त्रीचा पान्यावरचा हात थांबला.

एकदा दादाने सायलेन्सरचा पाइप उचलून बाजूला ठेवला होता. नुकत्याच बंद केलेल्या गाडीचा. आरामात उचलला, आरामात ठेवला. मिस्त्री ओरडला, अरे, तापलाय! आणि दादाने एक क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग बोटं कानाच्या पाळीला लावली. उशिरा. हे उशिरा लावणं मिस्त्रीला तेव्हा इतकं मजेशीर वाटलं होतं की महिनाभर तो गिऱ्हाइकांना नक्कल करून दाखवत होता. आमच्या दादाला चटका पण टपालाने येतो. लोक खो खो हसायचे. दादाही हसायचा.

तो शिकवत नव्हता. मिस्त्री बॉनेटखाली वाकलेलाच राहिला, कंबर दुखायला लागली तरी. शिकवत कुठं होता तो? विचारत होता. या जाळीवर, त्या पाइपवर त्याला काही लागत नव्हतं, सगळीकडे सारखंच लागत होतं, म्हणून तो माझा हात लावून बघत होता. आणि वर्षभर बघून, मला सगळं यायला लागलंय असं दिसल्यावर त्याने डगला टांगला. आणि मी म्हणालो, आळशी.

मिस्त्रीने पान्यावरचा उजवा हात सोडवून डोळ्यांसमोर आणला. तळहाताच्या मधोमध, अंगठ्याच्या खाली, एक फोड होता. टपोरा, पाण्याने भरलेला. आजचा नव्हता. एक फुटून वाळलेला होता त्याच्या शेजारी. कुठल्या गाडीने दिला, कधी दिला, काही पत्ता नाही. एवढी मोठी जाहिरात तळहातावर लागली होती आणि हा माणूस तोच हात दिवसभर धुतोय, पुसतोय, त्यानेच जेवतोय. त्याला आधी भीती वाटली नाही. आधी चीड आली. सगळ्यांची. हाताची, कारण तो इतकी वर्षं खरं बोलून ऐन वेळी खोटं बोलायला लागला, आणि बोलताना चेहराही बदलला नाही. दादाची, कारण त्याला हे ठाऊक होतं आणि तो खुर्चीत बसून पंपाच्या गप्पा मारत होता. गाडीची तर होतीच. भीती मग आली, मागून, हळूच. उद्या लोकांनी बॉनेट उघडून समोर गाडी उभी केली की मी काय करणार? कुठलं वाहनतळ बघू?

पण उद्या लोकांच्या आधी दादा होता. आणि चढ होता. सॉकेट अजून बोल्टवर बसलेला होता, एक हिसका दिला की झालं, मग काय व्हायचं ते होईल आणि दोष गंजाला देता येईल. गंजाला दोष देणं सोपं असतं, तो उलटून बोलत नाही. मिस्त्रीने सॉकेट काढला.

"वहिनी!" त्याने हाक मारली. आवाज जरा चढाच लागला. "जरा बाहेर या!"

वहिनी हात पुसत आली. तिला वाटलं चहाचं काही. मिस्त्री ड्रायव्हरच्या जागी बसून गाडी चालू करत होता. काटा चढेपर्यंत तो खाली उतरला नाही, काचेतून समोर बघत बसला. लाल्याला टेकल्यावर बंद केली. पंखा थांबला. मग तो पुढे गेला आणि म्हणाला, "हात लावा. सांगा."

आणि हे शब्द बाहेर पडले तसा त्याला तो सूर ओळखू आला. तोच. मान तिरकी करून, डोळे मिटायच्या बेतात. त्याने खुर्चीकडे बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती, तिकडचं खोकणं थांबलं होतं.

"मी? मला काय कळतंय त्यातलं, भावजी?"

"कळायचं काय त्यात? गरम लागतंय का गार एवढंच सांगायचं. इथून वरून खाली. हळू. चटका बसेल तिथं लगेच काढा."

वहिनीने बोटं टेकवली आणि "आई गं!" म्हणून झटकन मागे घेतली. पुन्हा टेकवली, आता नुसती टोकं. स्वयंपाकघरातला हात तो, तव्याशी रोज भांडणारा, त्याला अंदाज होता. "इथं चटका आहे. इथं पण. इथं..." ती थांबली. तिने सबंध तळहात ठेवला. ठेवूनच राहिली. "इथं काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"गार. म्हणजे, नेहमीच्या पत्र्याइतकं. हे बघा, हा एवढा मधला पट्टा गार आहे, वरपासून खालपर्यंत. इकडचाही. आणि इथं परत चटका."

निम्मा रेडिएटर चोंदलेला. निम्मा! आत क्षार जमून नळ्या बंद, पाणी फिरतंय ते उरलेल्या निम्म्यातून, सपाटीवर कसंबसं भागतंय आणि चढावर बाईसाहेब उकळतायत. इतकं साधं दुखणं. उतरवायचा, नळ्या साफ करायच्या, नाहीच झाल्या तर मागच्या बाजूला मोडीत काढलेल्या गाडीचा तसलाच रेडिएटर पडलाय तो बसवायचा. संध्याकाळच्या आत होईल. आणि आपण हेड उघडायला निघालो होतो! मिस्त्रीला हसावं की डोकं आपटावं कळेना. वहिनीचा हात अजून त्या गार पट्ट्यावर होता. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या तळहाताकडे, आणि तो मिटून घ्यायला त्याला जमलं नाही.

"तुम्हाला नाही लागलं हे?"

उत्तर तयार होतं. दादाने वापरून, घासून, गुळगुळीत करून ठेवलेलं उत्तर. तुम्हाला शिकवतोय वहिनी, गाडी तुम्ही चालवता, माहीत असावं. एवढं म्हटलं की झालं. ती मानही डोलावेल. तोंडात आलंसुद्धा. त्याने खुर्चीकडे बघितलं. दादाचे डोळे मिटलेले होते, पण पापण्या हलत होत्या, आणि मांडीवर त्याचे दोन्ही तळहात उताणे पडलेले होते, काही तरी घ्यायला पसरावेत तसे.

"नाही लागलं," मिस्त्री म्हणाला. "मला सगळीकडे सारखंच लागतं. बरेच दिवस."

वहिनीने जाळीवरचा हात काढला. मडगार्डवरचा गार झालेला ग्लास उचलून आत गेली. शेडमध्ये तापलेलं इंजिन टिक टिक करत निवत होतं, आणि मिस्त्रीला वाटलं, आता दादा काही तरी म्हणेल. पंपाचं, जाळीचं, बारक्याचं. मिस्त्री खाली बसला आणि रेडिएटरच्या खालच्या पाइपचा क्लॅम्प सैल करायला लागला. स्क्रू दिसत होता, पान्याची जागा दिसत होती. डोळे होते. कान होते. डोळ्यांनी हात कुठं आहे ते बघत बघत काम करायचं, आंधळा काठीने चालतो त्याच्या उलटं. वेळ लागतो जास्त. लागू दे.

वहिनी दुसरा चहा घेऊन आली. या खेपेला तिने ग्लास दिला आणि फडकं काढून घेतलं नाही.

मिस्त्रीने जरा वेळ त्या फडक्याकडे बघितलं. मग फडक्यासकट ग्लास धरला. काही फरक लागला नाही हाताला, पण धरला.

"फुंकून पी," दादा डोळे न उघडता म्हणाला. "जीभ तरी सांभाळ. आपल्या घरात तेवढीच चालू असते शेवटपर्यंत."